शेजारचे आजोबा कुठल्या खोलीत झोपतात?

जपानी फॅन्स स्टेडियम झाडतात, तो रील आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पण १९९५ च्या आधी खुद्द जपानी लोकच म्हणायचे, की व्हॉलंटियरिंग हा काही आपला प्रांत नव्हे. मग एका पहाटे असं काय झालं?

तो रील आठवतोय ना? २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप, कतार. मॅच संपलेली, लोक बाहेर पडतायत आणि जपानी फॅन्स मोठमोठ्या पिशव्या घेऊन खुर्च्यांखालचा कचरा उचलतायत. त्यातली एक मॅच तर कतार विरुद्ध इक्वाडोर होती. जपानचा तिच्याशी संबंधच नव्हता! खाली कमेंट्स ठरलेल्या. ‘रक्तातच आहे त्यांच्या.’ ‘आपल्याकडे हे होणे नाही.’ मग आपण तो रील फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि विषय संपतो.

‘रक्तातच आहे’ हे वाक्य फार सोयीचं आहे. त्यांच्या रक्तात आहे म्हणजे आपल्या नाही. आणि नाहीच, तर आपण करणार तरी काय? सुटलो!

पण हे खरं नाही. जपानचं सरकार दर पाच वर्षांनी, लोक आपला वेळ कसा घालवतात याची मोठी पाहणी करतं. २०२१ च्या पाहणीत वर्षभरात काही ना काही व्हॉलंटियरिंग केलेले लोक होते १७.८ टक्के. म्हणजे सहातल्या पाच जणांनी वर्षभरात काहीच केलेलं नव्हतं. २०१६ मध्ये हाच आकडा २६ टक्के होता. मधे कोरोना येऊन गेला हे मान्य. पण रक्तातली गोष्ट लॉकडाऊनमध्ये आटत नाही.

आणि स्टेडियम झाडण्याचं म्हणाल तर त्याचं उत्तर शाळेच्या टाइमटेबलमध्ये आहे. तिथल्या बहुतेक शाळांत रोज पंधरा-वीस मिनिटं साफसफाईची असतात. मुलं वर्ग झाडतात, जिने पुसतात, पाळीपाळीनं बेसिनही घासतात. पहिलीपासून बारा वर्षं रोज झाडू हातात घेतलेल्या माणसाला खुर्चीखालचा कागद दिसतोच. तेव्हा ही सवय आहे आणि ती लावलेली आहे.

पण आज सांगायची गोष्ट झाडूची नाही, ती एका भूकंपाची आहे.

१७ जानेवारी १९९५. मंगळवार. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटं. कोबे शहर आणि त्याच्या समोरचं आवाजी बेट. (आपल्या किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम सोळा महिने झाले होते. तीही पहाटच होती. घरच्यांना विचारा, ३० सप्टेंबर १९९३ त्यांना आठवत असेल.) कोबेची जुनी घरं लाकडाची आणि वर जड कौलांची. ती लोकांच्या अंगावरच बसली. एकूण ६,४३४ माणसं गेली.

आता जरा विचार करा. देश जपान, म्हणजे भूकंपाची तयारी जगात सगळ्यात जास्त. तरी त्या सकाळी काय झालं? रस्ते तुटलेले, पाण्याच्या मुख्य लाइनी फुटलेल्या, फोन लागत नाहीत आणि आग एकाच वेळी अनेक ठिकाणी. फायर ब्रिगेडच्या गाड्या जाऊन जाऊन जाणार किती ठिकाणी? अभ्यासकांचा नंतरचा अंदाज असा, की स्वतःहून बाहेर पडू न शकलेले साधारण ३५ हजार लोक ढिगाऱ्यांखाली होते. त्यातल्या सुमारे २७ हजारांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्य या तिघांनी मिळून काढले ते उरलेले आठ हजार. म्हणजे चारातल्या तिघांना वाचवणाऱ्या माणसाच्या अंगावर युनिफॉर्म नव्हता. बहुधा नाइट ड्रेस असेल.

आवाजी बेटाच्या उत्तर टोकाला होकुदान नावाचं गाव होतं. जी भेग सरकून हा भूकंप झाला ती याच भागातून जाते. घरं भराभर पडली. सुमारे तीनशे माणसं ढिगाऱ्यांखाली गाडली गेली. गावकऱ्यांनी आणि गावातल्या हौशी अग्निशमन दलानं त्यांना बाहेर काढलं आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत कोण सापडलं, कोण राहिलं याचा पूर्ण हिशेब लावला. गावात ३९ जण दगावले, तरी घरं ज्या प्रमाणात पडली ते पाहता हा आकडा किती तरी मोठा होऊ शकला असता.

त्यांच्याकडे कुठलंही भारी यंत्र नव्हतं. माहिती होती. या घरात किती माणसं आहेत, त्यातले आजोबा कुठल्या खोलीत झोपतात, आजींचं अंथरूण कुठल्या भिंतीला लागून असतं, हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे सगळा ढिगारा उपसत बसावं लागलं नाही. नेमकी जागा धरून खणलं.

तुमच्या मजल्यावरच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण कुठे झोपतं, माहितीये? नाव तरी माहितीये? हॉस्टेलवर राहत असाल तर प्रश्न आणखी सोपा करते. शेजारच्या खोलीतल्या मुलीचं गाव कोणतं?

दुसरी गोष्ट खुद्द कोबे शहरातली. नागाता हा तिथला दाटीचा, कामगारवस्तीचा भाग. भूकंपानंतर त्याच्या मोठमोठ्या पट्ट्यांची आगीत राख झाली. त्याच नागातामध्ये मानो नावाची एक वस्ती आहे. (हिंदीतलं ‘मानो’ नव्हे, हे गावाचं नाव.) १९६० च्या दशकात तिथले रहिवासी कारखान्यांच्या धुराविरुद्ध उभे राहिले होते. तो लढा संपल्यावर ते घरी जाऊन बसले नाहीत. वस्तीत झाडं कुठे लावायची, बोळ किती रुंद करायचा, एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं जेवण कोण बघणार, यावर वर्षानुवर्षं मीटिंगा चालल्या. १९८१ मध्ये कोबे महापालिकेनं अशा रहिवासी समित्यांना नियोजनात अधिकृत स्थान देणारा नियमच केला. जपानी भाषेत या सगळ्याला ‘माचिझुकुरी’ म्हणतात. माचि म्हणजे वस्ती, झुकुरी म्हणजे घडवणं.

त्या मीटिंगा किती कंटाळवाण्या असतील याची कल्पना आपल्या सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या कुणालाही येईल. बोळाच्या रुंदीवर दोन तास! पण १७ जानेवारीला मानोमध्ये आग लागली, तेव्हा नळाला पाणी नसताना लोकांनी बादल्यांची साखळी धरली. वस्तीतल्या एका कारखान्याचं स्वतःचं अग्निशमन पथक त्यांच्या मदतीला आलं आणि आग पसरायच्या आत आटोक्यात आली. एकेकाळी ज्या कारखान्यांशी भांडण होतं, त्यातल्याच एकाचे हात त्या दिवशी कामी आले. रहिवाशांचा सहभाग, लोकसहभाग वगैरे शब्द आपण सिव्हिक्सच्या पुस्तकात पाठ करतो. मला त्या शब्दांचा अर्थ या बादल्यांमुळे कळतो.

मग बाहेरून लोक आले. कुणी बोलावलं नव्हतं. पाठीवर सॅक टाकून, अर्धा रस्ता चालत, काही जण सायकलवर. पहिल्या वर्षभरात १३ लाखांहून जास्त. त्यात कॉलेजची मुलं प्रचंड संख्येनं होती. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपतं, फेब्रुवारीपासून युनिव्हर्सिटीला सुट्ट्या लागतात, त्याचाही फायदा झाला. त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदाच असं काही केलं होतं. तोवर या पिढीबद्दल तिथली मोठी माणसं काय म्हणायची, ते सांगायला नकोच. स्वार्थी, स्वतःतच रमलेली, गॅजेटवेडी. ओळखीचं वाटतंय ना?

त्या वर्षाला जपानमध्ये ‘बोरांतिया गान्नेन’ म्हणतात. व्हॉलंटियरचं पहिलं वर्ष. ‘गान्नेन’ हा शब्द एरवी नवा सम्राट गादीवर आला की त्या कालगणनेच्या पहिल्या वर्षाला लावतात, यावरून या घटनेचं वजन लक्षात येईल. आणि ‘बोरांतिया’ म्हणजे आपलं व्हॉलंटियरच, जपानी जिभेवर बसवलेलं. त्यांच्याकडे सेवेला जुना शब्द नव्हता असं नाही. ‘होशी’ हा शब्द होता. पण युद्धकाळात त्याच शब्दाखाली शाळकरी मुलांना कारखान्यांत राबवलं गेलं होतं. त्याला सक्तीचा वास होता. स्वखुशीनं करायच्या कामाला त्यांना परका शब्द जवळचा वाटला. आपल्याकडे श्रमदान हा सुंदर शब्द आहे. पण हजेरी लागणार म्हणून गेलेल्या श्रमदानाला तुम्ही मनातल्या मनात काय म्हणता, ते तुमचं तुम्हाला माहीत!

इथवर गोष्ट छान आहे. पण कोबेमध्ये या गर्दीचा घोळही भरपूर झाला. कुणाला कुठे पाठवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. एका शाळेत माणसं जास्त, दुसरीकडे कुणीच नाही. काही जण आले ते राहायला जागा आणि जेवण कुठे मिळेल हे विचारत, म्हणजे ज्यांचं घर गेलंय त्यांच्याच डब्यात वाटेकरी. सामानाचा गोंधळ तर आधीच पाहून झाला होता. १९९३ च्या जुलैमध्ये होक्काइदोजवळच्या ओकुशिरी या छोट्याशा बेटावर भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून हजारो टन मदत येऊन पडली. ठेवायला जागा नाही, निवडायला माणसं नाहीत. जुन्या कपड्यांचे ढीग शेवटी जाळावे लागले. आपल्याकडे पूर आला, की कपाट रिकामं करायची संधी साधून जी गाठोडी निघतात, त्यांचं काय होतं हे कुणीतरी एकदा लिहायला हवं.

मदतीची इच्छा आणि झालेली मदत यांच्यामध्ये बरंच अंतर असतं. १९९५ नंतर जपान ते अंतर कापायच्या मागे लागला, आणि माझ्या मते शिकण्यासारखं जे आहे ते इथे आहे. १९९८ मध्ये कायदा झाला. त्याआधी चार माणसांनी एकत्र येऊन संस्था काढायची, तिच्या नावावर बँकेत खातं उघडायचं किंवा ऑफिस भाड्यानं घ्यायचं म्हटलं तरी अवघड जायचं. कायद्यानं छोट्या ना-नफा संस्थांना सहज नोंदणी मिळाली. आज अशा नोंदणीकृत संस्था पन्नास हजारांच्या आसपास आहेत.

आणि संकटाच्या ठिकाणी ‘व्हॉलंटियर सेंटर’ उघडायची पद्धत बसली. प्रत्येक गावात-शहरात एक समाजकल्याण परिषद असते, लोक तिला लाडानं ‘शाक्यो’ म्हणतात. पूर किंवा भूकंप झाला, की बहुतेक वेळा हीच परिषद सेंटर चालवते. ते चालतं कसं, हे जरा सविस्तर सांगते, कारण यात काहीही महागडं नाही.

तुम्ही सकाळी पोचता. आधी नाव नोंदवायचं. व्हॉलंटियरचा विमा काढलाय का, विचारतात. काही शे येनचा असतो आणि तो शक्यतो आपल्या गावीच काढून यायचा, म्हणजे इथली रांग वाढत नाही. मग तुमचं नाव चिकटपट्टीवर लिहून छातीवर किंवा दंडावर लावतात. दुसऱ्या बाजूला पीडित घरांनी फोन करून सांगितलेल्या कामांच्या चिठ्ठ्या असतात: इथे पाच माणसं हवीत, चिखल उपसायचाय; इथे दोन, कपाट हलवायचंय. माणसं आणि चिठ्ठ्या जुळवल्या जातात. अनोळखी पाच जणांचा गट होतो, त्यातला एक म्होरक्या. फावडं, घमेलं, एकचाकी गाडी सही करून घ्यायची. तासाला दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. दुपारी तीनच्या सुमारास काम बंद, राहिलं तरी बंद. परत येऊन अवजारं धुवायची, किती झालं, किती राहिलं ते सांगायचं. त्यावर उद्याची चिठ्ठी बनते.

विश्रांतीचा नियम वाचून हसू नका. जानेवारी १९९७ मध्ये नाखोदका नावाचं रशियन जहाज जपानच्या समुद्रात फुटलं आणि काळंकुट्ट तेल किनाऱ्याला लागलं. लाखो लोक हाडं गोठवणाऱ्या थंडीत बादल्या आणि ओगराळी घेऊन ते तेल गोळा करत होते. त्यात काही व्हॉलंटियरच दगावले. आपल्या माणसाला परत घरी पोचवणं हीसुद्धा आयोजकाची जबाबदारी आहे, हे तिथून पक्कं झालं.

बाकीचे नियम तर पाठच करून ठेवावेत असे आहेत. जेवण, पाणी, झोपायची सोय आपली आपण न्यायची. घरात न विचारता फोटो काढायचा नाही. पैसे किंवा वस्तू घ्यायच्या नाहीत. आणि चिखलात बरबटलेली कुठलीही वस्तू घरमालकाला विचारल्याशिवाय टाकायची नाही. तुम्हाला तो कचरा दिसतो, पण एखाद्यासाठी तो मुलाच्या पहिलीच्या वर्गाचा फोटो असतो. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर तर ढिगाऱ्यांतून सापडलेले असे फोटो गोळा करून, पाण्यात अलगद धुऊन, दोऱ्यांवर वाळत घालायचं काम हजारो जणांनी केलं. ते वाळलेले फोटो मग हॉलमध्ये मांडून ठेवायचे. लोक येऊन आपला शोधायचे.

कोबेमधून सुरू झालेलं आणखी एक काम मला फार आवडतं. आशियु. टबात गरम पाणी घ्यायचं, निवारा केंद्रातल्या आजी-आजोबांचे पाय त्यात ठेवायचे आणि समोर बसून त्यांचे हात हळूहळू चोळायचे. बस्स. फावडं मारता येत नाही, डॉक्टर नाही, इंजिनीअर नाही, अशा पोरापोरींनी हे काम केलं. पाय गरम झाले, की माणूस बोलायला लागतो. अधिकारी फॉर्म घेऊन समोर बसला तर ‘आमचं ठीक आहे, दुसऱ्यांचं बघा’ म्हणणारी माणसं इथे सांगतात, की रात्री झोप लागत नाही किंवा गोळ्या संपल्यात. मुलं हे नंतर कार्डांवर लिहून ठेवायची. त्याला म्हणतात ‘त्सुबुयाकी’, पुटपुटणं. गरज लागली तर ते नर्सपर्यंत पोचवलं जायचं.

आता दुसरी बाजू. यंत्रणा बसली, की ती कधीकधी माणसांच्या डोक्यावर बसते. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगरातला एकच मुख्य रस्ता, तोही खचलेला. सरकारनं लोकांना सांगितलं, येऊ नका, रस्ते अडतील. सेंटरमार्फत सर्वसामान्य व्हॉलंटियर पोचायला जानेवारीचा शेवट उजाडला. यावरून तिथे बराच वाद झाला. काही अभ्यासक म्हणाले, कोबेमध्ये कुणी परवानगी विचारली होती का? सगळं इतकं शिस्तीत बसवलंय, की लोक आता बोलावण्याची वाट बघत घरी बसतात. मला दोन्ही बाजू पटतात. पण आपल्याकडे अजून यंत्रणेचाच पत्ता नाही, तेव्हा तिच्या अतिरेकाची चिंता आपण इतक्यात करायला नको.

संकटाचं जाऊ द्या, रोजचं काय? रोजचं म्हणजे ‘चोनाइकाइ’. गल्लीची संघटना म्हणा. देशभरात अशा तीन लाखांच्या आसपास आहेत. कचरा टाकायच्या जागेची सफाई कुणाची पाळी, कावळ्यांपासून पिशव्या वाचवायला जाळी कोण टाकणार, शाळेच्या वाटेवर पिवळा झेंडा घेऊन कोण उभं राहणार, उन्हाळ्याच्या जत्रेत नाचाचा मंडप कोण घालणार. आपलं गणेश मंडळ आणि सोसायटीची कमिटी एकत्र केली, की साधारण हे तयार होतं. सूचनांचं एक पॅड असतं, ‘कायरानबान’. ते वाचून, सही करून शेजारच्या घरी द्यायचं. व्हॉट्सअॅपच्या जमान्यातही ते अजून अनेक ठिकाणी फिरतंय. त्या निमित्तानं शेजारचं दार वाजवलं जातं, ही त्यातली मेख.

पण हेही सगळं गोड नाही. १९४० नंतर युद्धकाळात याच शेजारसंघटना सरकारनं रेशन वाटायला आणि कोण काय बोलतंय यावर नजर ठेवायला वापरल्या. म्हणून युद्धानंतर १९४७ मध्ये अमेरिकन अमलाखाली त्यांच्यावर बंदी आली होती. आजही तरुण जोडपी कुरकुरतात: वर्गणी, रविवारची सफाई, ‘तुमची पाळी चुकली’ म्हणून टोमणे. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की अशा संघटनेतून सदस्य स्वतःच्या मर्जीनं बाहेर पडू शकतो. शेजारधर्म आणि शेजाऱ्याचा जाच यांच्यात रेष किती बारीक असते, हे गल्लीत वाढलेल्या मराठी मुलीला वेगळं सांगायला नको.

या व्यवस्थेतून आपला एक माणूस पार निवडणुकीपर्यंत गेला, हे माहितीये का? योगेंद्र पुराणिक. मूळचे अंबरनाथचे, शिकले पुण्यात. तोक्योच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिथे ते राहायचे. आपली माणसं आणि जपानी शेजारी यांच्यात आवाजावरून, कचऱ्यावरून, फोडणीच्या वासावरून कुरबुरी होतातच. पुराणिकांनी रहिवासी संघटनेच्या कामात भाग घेतला, पुढे जपानी नागरिकत्व घेतलं आणि एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावाच्या वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी मानले जातात. तुमच्यापैकी जे जॅपनीजच्या परीक्षा देऊन तिकडे जायची स्वप्नं बघतायत, त्यांनी व्हिसाच्या चेकलिस्टमध्ये हेही लिहून ठेवा. तिकडे पोचल्यावर कचऱ्याचं वेळापत्रक आणि गल्लीतली सफाईची तारीख आधी विचारायची. ओळखी तिथेच होतात.

सगळंच सरकारनं किंवा परंपरेनं बनवलेलं नसतं. २०१२ मध्ये तोक्योच्या ओता भागात भाज्यांचं दुकान चालवणाऱ्या कोंदो हिरोको यांच्या कानावर आलं, की जवळच्या शाळेतलं एक मूल शाळेच्या जेवणाव्यतिरिक्त फक्त केळं खाऊन राहतंय. त्यांनी दुकानात मुलांसाठी जेवण सुरू केलं. एकटं आलं तरी चालेल, नाममात्र पैसे, कुणी काही विचारणार नाही. नाव दिलं ‘कोदोमो शोकुदो’, मुलांची खाणावळ. २०१६ मध्ये देशात अशा ३१९ जागा मोजल्या गेल्या. २०२४ मध्ये दहा हजारांवर. म्हणजे सरकारी मिडल स्कूलपेक्षाही जास्त! भाजी चिरायला, अभ्यास घ्यायला, नुसतं खेळायला तिथे कॉलेजची मुलं जातात. एवढ्या श्रीमंत देशात मुलांच्या जेवणासाठी शेजाऱ्यांना भांडं चढवावं लागतं, यात अभिमानाइतकीच शरमेचीही गोष्ट आहे, असं मला वाटतं.

आणि जिथे नाही म्हणायचं तिथे जपानी तरुण नाहीही म्हणतात. तोक्यो ऑलिम्पिकला ८० हजार बिनपगारी व्हॉलंटियर हवे होते. किमान दहा दिवस, रोज साधारण आठ तास, प्रवासाचे हजार येन. अर्ज दोन लाखांवर आले. पण स्पॉन्सर अब्जावधी येन देतायत, मग आमचीच मेहनत फुकट का, असा सवालही जोरात उठला. कामगारांना पिळणाऱ्या कंपनीला तिथे ‘ब्लॅक’ म्हणतात, तेच लेबल या व्हॉलंटियरिंगलाही लागलं. पुढे कोरोनाची भीती आणि आयोजन समितीच्या प्रमुखांचं महिलांबद्दलचं वादग्रस्त बोलणं यांची भर पडली. स्पर्धेच्या आधी सुमारे दहा हजार जणांनी नाव काढून घेतलं. तुमच्या फेस्टला किंवा एखाद्या बड्या इव्हेंटला ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणून फुकट राबायला बोलावतील, तेव्हा हा प्रश्न खिशात ठेवा: यातून कमाई कुणाची होतेय?

सध्या जपानसमोरची अडचण वेगळी आहे. माणसंच संपत चाललीयेत. होकुदानमध्ये ज्यांनी खणलं, ते ‘शोबोदान’, म्हणजे नोकरी-दुकान सांभाळून आग विझवायला धावणारे गावकरी, एकेकाळी देशात वीस लाख होते. आता आठ लाखांच्याही खाली आलेत. २०११ च्या त्सुनामीत समुद्राचे दरवाजे बंद करायला आणि लोकांना हाका मारत फिरायला गेलेले या दलाचे अडीचशेच्या वर सदस्य गेले. १९१७ मध्ये ओकायामात सुरू झालेल्या योजनेतून पुढे देशभर झालेले ‘मिनसेइ-इन’ म्हणजे आपल्या भागातल्या गरीब, एकट्या माणसांच्या घरी जाऊन चौकशी करणारे बिनपगारी कार्यकर्ते. दोन लाखांहून जास्त आहेत, पण बरेचसे स्वतःच साठी-सत्तरीचे. (पुणेकरांनो, सिंहगड रोडवरची आपली पु. ल. देशपांडे बाग ज्या बागेवरून केलीये, ती याच ओकायामातली.) म्हणून आता शोबोदानमध्ये विद्यार्थ्यांना बोलावतायत आणि काम केलं तर नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला महापालिकेचं सर्टिफिकेट देतायत. एनएसएसचे १२० तास भरणाऱ्यांनो, तुम्ही एकटे नाही! सर्टिफिकेटसाठी आलेला मुलगा पंपाची पाइप धरायला शिकतो, हेही काही कमी नाही. सायरन वाजतो तेव्हा तो कशासाठी आला होता हे कुणी विचारत नाही.

नोतोचं शेवटी सांगायचं राहिलं. व्हॉलंटियर उशिरा पोचले, पण पोचले. महिनोन् महिने घरं उपसली, लोकांना तात्पुरत्या घरांत बसवून दिलं. आणि २१ सप्टेंबर २०२४ ला तिथे असा पाऊस झाला, की नद्या फुटल्या आणि त्यातली काही तात्पुरती घरंही चिखलात गेली. पुन्हा सेंटर उघडली. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा छातीवर चिकटपट्टीवरचं नाव. नऊ महिन्यांपूर्वी ज्यांनी भूकंपाचा ढिगारा उपसला होता, त्यातले काही जण गमबूट घालून परत त्याच गल्लीत आले. या वेळी कुठल्या आजींचं दार आधी वाजवायचं, ते त्यांना माहीत होतं.